नंबर अनडिफाइन्ड

“या वर्षी हाऊजीचे नंबर माणूस बोलणार नाही! कॉम्प्युटर बोलणार! आणि त्या कॉम्प्युटरला बोलायला मी शिकवणार!”

करंजाड्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दयारामभाऊ घरतांनी उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा टँकरच्या पाण्यावरून चाललेलं भांडण जागच्या जागी थांबलं. दयारामभाऊ मूळचे बेलपाड्याचे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म व्हॉल्व्ह, प्रेशर आणि कामगार यांच्याशी बोलण्यात गेला. कॉम्प्युटरशी संबंध म्हणाल तर हजेरीच्या मशीनवर अंगठा दाबण्यापुरता. त्यामुळे सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, जणू आपल्या बिल्डिंगची लिफ्ट आता चंद्रावर जाणार असं त्यांनी जाहीर केलंय!

सगळ्यात जास्त दुखावला सेक्रेटरी कुंदन. सोसायटीच्या वर्धापनदिनाला हाऊजीचे नंबर पुकारायचा मान दरवर्षी त्याचा.

“का काका? माझ्या आवाजाला काय झालं?”

“आवाजाला काही झालं नाही रे! पण गेल्या वर्षी तू थर्टीन बोललास का थर्टी, त्यावरून बी विंग आणि सी विंग अजून एकमेकींना हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. कॉम्प्युटर चुकत नाही!”

हे शेवटचं वाक्य दयारामभाऊंनी बोलायला नको होतं. पण ते छाती फुगवून बोलले, आणि कुंदननं ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहूनसुद्धा घेतलं!

आता हा उद्योग त्यांना सुचला कुठून, ते सांगायला हवं.

दयारामभाऊंचा मुलगा परेश जहाजावर इंजिनिअर. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं आणि सांगलीची समृद्धी सून म्हणून घरात आली. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच परेश जहाजावर गेला. समृद्धी घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करायची. स्वभावानं गोड, पण बोलणं असं मोजकं, की जणू तारेच्या ऑफिसात प्रत्येक शब्दाचा दर लावलाय!

“जेवलीस का?”

“हो बाबा.”

“काय हवं का?”

“नको बाबा.”

संपलं! दयारामभाऊंची बायको मनिषा म्हणायची, “पोरगी लाखाची हाय हो. पण घरात हाय का नाय, ते दारातल्या चपलेवरून कळतं!”

आणि एक दिवस कपडे वाळत घालताना दयारामभाऊंच्या कानावर तिचं फोनवरचं बोलणं पडलं. “हो, पुण्याच्या ऑफिसात जागा आहे म्हणतात. बघते. तिथे निदान बोलायला कोणीतरी असेल.”

दयारामभाऊंच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. हे त्यांनी मनिषाला सांगितलं नाही. ती रडली असती. दुसऱ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन समृद्धीच्या दारात जाऊन उभे राहिले. तीन वेळा घसा खाकरला आणि म्हणाले, “तू दिवसभर त्या खोलीत जे काय करतेस, ते मला शिकवशील का?”

समृद्धी खुर्चीतून पडायचीच बाकी होती. “जावास्क्रिप्ट? तुम्हाला?”

“जावा तर जावा!”

स्वयंपाकघरातून मनिषाचा आवाज आला, “जावा? एकुलता एक पोर आपला! आता जावा कुठनं आणताय?”

समृद्धी हसली. अगदी एवढंसं, नखाएवढं. पण दयारामभाऊंना तेवढं पुरलं.

शिकवणी सुरू झाली. फंक्शन म्हणजे काय ते त्यांना लगेच कळलं. इकडून कच्चा माल द्यायचा, तिकडून पक्का माल घ्यायचा. कामगारच की! मग एक दिवस समृद्धी म्हणाली, “बाबा, आज जरा अवघड आहे. हायर-ऑर्डर फंक्शन. हे फंक्शन दुसरी फंक्शनं हाताशी घेतं. स्वतः माल बनवत नाही. कुठला माल कोणाकडे द्यायचा, ते ठरवतं.”

दयारामभाऊंनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे शिफ्ट इनचार्ज!”

“अं?”

“अगं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? स्वतः एक व्हॉल्व्ह फिरवला नाही! हा माल त्याच्याकडे, तो माल ह्याच्याकडे. मी हायर-ऑर्डरच होतो की! कंपनीला कळलं असतं तर पगार तरी वाढवला असता!”

या वेळी समृद्धी चांगली दात दिसेपर्यंत हसली. तिनं लगेच अभ्यास दिला. आकडा द्यायचा आणि इंग्रजी शब्द मिळवायचा. दयारामभाऊंनी तीन कामगार नेमले. पहिला वन ते नाइन सांभाळणारा. दुसरा टेन ते नाइन्टीन, म्हणजे टीनवाला. तिसरा ट्वेन्टी, थर्टी असं बोलून पुढचा सुटा आकडा पहिल्या कामगाराकडून जोडून घेणारा. वर एक इनचार्ज. आकडा आला की तो प्रत्येकाला विचारणार, “हा तुझा का?” ज्याचा असेल त्यानं उचलायचा!

अडचण यंत्राची नव्हती, इंग्रजांची होती.

“फोर्टीन, मग थ्रीटीन का नाही? सिक्स्टी, मग फाइव्हटी का नाही? ह्या लोकांनी भाषेचा मेंटेनन्सच केलेला नाही!” दयारामभाऊ चिडायचे आणि समृद्धी तोंडावर ओढणी धरून हसायची. मग सांगलीच्या शाळेतल्या बाईंच्या गोष्टी निघायच्या, तळोज्याच्या नाइट शिफ्टच्या निघायच्या. चहा गार व्हायचा. पुण्याचं नाव निघालं नाही. दयारामभाऊंनी काढलंही नाही. निघेल या भीतीनं ते रोज नवीन शंका घेऊन जायचे.

याच भरात त्यांनी मीटिंगमध्ये घोषणा ठोकली! हाऊजीत एक ते नव्वद आकडे. प्रोग्रॅम मनानं एकेक आकडा काढणार, त्याचा शब्द करणार आणि लॅपटॉपमधली बाई तो मोठ्यानं बोलणार. काढलेला आकडा स्क्रीनवरच्या तक्त्यात पिवळा होणार, म्हणजे नंतर तिकीट तपासायला सोपं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं पूर्ण करून समृद्धीला दाखवलं. ती स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. ओठ हलले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “छान झालंय बाबा.”

दयारामभाऊ हवेत! पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सहज तेरा टाकून बघितला, तर बाई म्हणाली, “नंबर फोर्टीन!”

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. शोधता शोधता कळलं, की टीनवाल्याच्या यादीत ते टेन लिहायलाच विसरले होते. यंत्राची मोजणी शून्यापासून. शून्याच्या जागी टेन हवा, तिथे इलेव्हन जाऊन बसला होता आणि त्यामागचे सगळे एकेक जागा सरकले होते. त्यांनी यादीच्या सुरुवातीला गुपचूप टेन टाकला. पुन्हा तेरा दिला. “नंबर थर्टीन!” झालं! समृद्धीला सांगायचं कशाला? ‘छान झालंय’ म्हणालेल्या मास्तरणीसमोर नापास कोण होणार? ते खुशीत अंघोळीला गेले.

संध्याकाळी क्लब हाऊस खच्चून भरलं होतं. फुल हाऊसचं बक्षीस होतं मिक्सर, त्यामुळे एरवी दार न उघडणारे लोकसुद्धा पेन घेऊन आले होते. पहिल्या रांगेत तळमजल्याच्या कृष्णाबाई. त्या पनवेलच्या मच्छीबाजारात मासे विकायच्या आणि हाऊजीत आजवर हात हलवत परत गेल्या नव्हत्या. शेजारी कुवेतहून कायमचे परत आलेले इक्बालभाई. मनिषा लॅपटॉपला खेटून बसली होती. समृद्धी सगळ्यात मागे भिंतीशी, नेहमीसारखी.

दयारामभाऊंनी बटण दाबलं.

“नंबर फोर्टी टू!”

टाळ्या! “नंबर सेव्हन!” शिट्ट्या! “नंबर एटी वन!” दयारामभाऊंनी कुंदनकडे असं बघितलं, जसा नवरदेव मांडवात जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे बघतो. थोडे आकडे आणखी गेले. आणि मग बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली,

“नंबर अनडिफाइन्ड!”

हॉलभर पेनं हवेत थांबली.

“काय बोलली ती?” कृष्णाबाईंनी विचारलं. “अंडी फाइन?”

“अंडं म्हणजे झिरो,” इक्बालभाई विचार करून म्हणाले.

“हाऊजीत झिरो नसतो हो!”

“मग नाइन्टी नाइन असेल!”

“तो पण नसतो!”

“बाईचा घसा बसला वाटतं,” कुंदन गोड हसून म्हणाला.

दयारामभाऊ लॅपटॉपवर ओणवे झाले. “ती... ती श्वास घेत होती!” असं म्हणून त्यांनी घाईघाईनं पुढचं बटण दाबलं. गाडी पुन्हा रुळावर आली असं वाटलं. फिफ्टी थ्री. फोर्टीन. ट्वेन्टी. सिक्स्टी सिक्स.

“लाइन!” कृष्णाबाई अशा ओरडल्या, की बाहेर रिक्षावाल्यानं ब्रेक मारला!

कुंदन तिकीट घेऊन लॅपटॉपपाशी तपासायला आला. “फिफ्टी थ्री आहे, सिक्स्टी सिक्स आहे... फोर्टीन? फोर्टीन आलेलाच नाही. पंधरा आलाय. बोगस!”

“बोगस?” कृष्णाबाई पदर खोचून उठल्या. “मना बोगस बोलतोस? अख्ख्या हालानं आयकलाय फोर्टीन! आमी बाजारात बसतो, कान उघडे ठेवूनशी!”

“हो हो, आम्ही पण ऐकला!” चारी बाजूंनी आवाज आले.

दयारामभाऊंनी तक्त्याकडे बघितलं. चौदा खरंच कोरा होता. “कॉम्प्युटर चुकत नाही,” ते म्हणाले, पण आवाज लॅपटॉपच्या बाईपेक्षा बारीक निघाला.

पुढे बऱ्याच आकड्यांनंतर इक्बालभाई तिकिटावरची शेवटची लाइन घेऊन आले. त्यांचा सेव्हन्टीन तक्त्यात नव्हता. तेही बोगस! त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. “दयारामभाई, कुवेतमध्ये चाळीस मुलुखांच्या लोकांबरोबर राहिलो. असा इन्साफ कुठे पाहिला नाही.”

हॉल धुमसायला लागला. आणि नेमक्या त्या क्षणाला लॅपटॉपशेजारून आवाज आला,

“झालं बाय माझं! फुल हाऊस!”

मनिषा!

कुंदननं तिचं तिकीट तपासलं. एकेक आकडा तक्त्याशी जुळला. एकही चूक नाही! त्यानं माइक हातात घेतला. “वा! अख्ख्या हॉलचे नंबर चुकतात आणि एकट्या घरतकाकूंचे बरोबर येतात!”

“सेटिंग!” मागून कोणीतरी ओरडलं.

“घरचा कॉम्प्युटर, घरचीच बाई!”

“मिक्सर घरातच ठेवायचा होता तर आम्हाला कशाला बोलावलं?”

मनिषाचा चेहरा उतरला. तिला काही कळेना. “अरे मना त्या बाईचं इंग्लिस कळत नाय, म्हणून मी पिवळे आकडे बघून खेळत होते! त्यात काय चोरी केली?” बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि हे मात्र दयारामभाऊंना सहन होईना. स्वतःची फजिती एक वेळ चालेल. पण बायकोनं सगळ्यांदेखत डोळे पुसायचे, तेही आपल्या हौसेपायी? त्यांनी कुंदनच्या हातातला माइक ओढून घेतला. गडबडीत बेलपाड्याची बोली बाहेर आली. “तिला काय बोलू नका! चूक माझी हाय! काय चुकलंय ते मना पण ठाऊक नाय, पण माझीच हाय!”

“नाही! चूक माझी आहे!”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भिंतीशी बसणारी समृद्धी खुर्च्या ओलांडत, दोन लोकांच्या पायांवर पाय देत पुढे येत होती.

“बाबा, तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी प्रोग्रॅम उघडला. टीनवाल्याच्या ओळीत एक वजा केला.”

“वजा? कशाला वजा केलास?”

“काल बघितलं तेव्हाच दिसलं होतं. टीन एकेक पुढे सरकलेत. म्हणून एक मागे आणले.”

“अगं, पण मी दुपारीच त्यात टेन टाकून दुरुस्त केलं होतं!”

“टाकला होतात? मग मला सांगितलं का नाहीत?”

“तुला काल दिसलं, मग तू का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके खूश होतात!”

“म्हणून मास्तरणीनं चूक लपवायची?”

“आणि विद्यार्थ्यानं लपवायची? बाबा, मी टेस्ट न करता बदललं! घाईत! ऑफिसात मी दुसऱ्यांना याच्यासाठी ओरडते!”

माइक चालूच होता. अख्खा हॉल तोंडाचा आ करून ऐकत होता. या पोरीला आवाज आहे, हेच पुष्कळांना आज कळत होतं.

“कोणी टेन टाकला? कोणी वजा केला?” कृष्णाबाई ओरडल्या. “घरातलं भांडण हाय का खेळातलं?”

“खेळातलं!” समृद्धी वळली. “दाखवते. पहिल्या रांगेत दहा खुर्च्या. पहिली टेनची, दुसरी इलेव्हनची, असं करत शेवटची नाइन्टीनची. कुंदनदादा, तुम्ही टेन. कृष्णाबाई, तुम्ही इलेव्हन. इक्बालचाचा ट्वेल्व्ह. बाकीचे ओळीनं. उठा! आता आपापल्या खुर्चीवर नाही, एक खुर्ची अलीकडे बसा!”

तिच्या आवाजात अशी काही जरब होती, की सगळे निमूट उठले. कृष्णाबाई टेनच्या खुर्चीवर बसल्या. इक्बालभाई इलेव्हनच्या. शेवटची खुर्ची मोकळी राहिली.

“बघा! आकडा इलेव्हन निघाला, बाई बोलली टेन. आकडा पंधरा निघाला, बाई बोलली फोर्टीन. कृष्णाबाईंनी बरोबर ऐकलं. आई आकडे बघून खेळल्या, त्यांचंही बरोबर! कोणीच बोगस नाही!”

“आणि मी?” कुंदन एकटाच उभा होता. “मी कुठे बसू? माझ्या अलीकडे खुर्चीच नाही!”

“म्हणूनच,” समृद्धी म्हणाली, “टेनला जागाच सापडत नाही, तुम्ही अनडिफाइन्ड!”

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग कृष्णाबाई खदखदा हसायला लागल्या, मग इक्बालभाई, मग सगळा हॉल! “अंडी फाइन कुंदन!” मागून कोणीतरी ओरडलं आणि कुंदनलासुद्धा हसू आवरेना. बी विंगच्या बायका सी विंगच्या बायकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. समृद्धी पोट धरून खाली वाकली होती. दयारामभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. माइक बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

समृद्धीनं ती वजाबाकी काढून टाकली, या वेळी दहापासून एकोणिसापर्यंत प्रत्येक आकडा तपासला आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला. मनिषानं आधीचा मिक्सर घ्यायला साफ नकार दिला. “माझा चांगला चालतोय अजून. खेळा परत!” शेवटी तो कृष्णाबाईंनी जिंकला आणि इक्बालभाईंनी स्वतः त्यांच्या दारापर्यंत पोचवला.

मनिषा बायकांच्या घोळक्यात मागे राहिली. दयारामभाऊ आणि समृद्धी जिन्यानं वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. दम लागल्याचं निमित्त.

“पुण्याला कधी जायचंय?” त्यांनी भिंतीवरच्या मीटरकडे बघत विचारलं.

समृद्धी चमकली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“वय झालंय, पण कान शाबूत हायेत.”

“नाही जात आहे, बाबा. कधीच कळवून टाकलं त्यांना.” ती लॅपटॉप या हातातून त्या हातात घेत म्हणाली, “तिथे बोलायला कोण आहे माझ्याशी?”

उरलेले मजले दयारामभाऊ असे चढले, की समृद्धीलाच त्यांना “हळू, बाबा!” म्हणावं लागलं.

जेवणं झाली आणि परेशचा व्हिडिओ कॉल आला. तिघांनी मिळून, एकमेकांचं बोलणं तोडत, त्याला सगळी हकिगत सांगितली. परेश हसून हसून लाल झाला. मग डोळे पुसत म्हणाला, “पण बाबा, एक कळलं नाही. आकड्याचा शब्द करायची गरजच काय होती? आमच्या जहाजावरचं मशीन तर नुसता आकडा दिला तरी बोलतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे फोर्टी टू असं लिहायचंच नाही. चार आणि दोन टाका. ती बाई आपोआप वाचते!”

दयारामभाऊंनी लॅपटॉप पुढे ओढला. तिन्ही कामगारांना बाजूला ठेवून एका बोटानं थेट बाईलाच चार आणि दोन दिले.

“नंबर फोर्टी टू!” बाई म्हणाली.

त्यांनी तेरा टाकला.

“नंबर थर्टीन!” आणि या वेळी तिच्या आवाजात थोडा ठसका होता, असं दयारामभाऊ अजूनही शपथेवर सांगतात!

इनचार्ज, तीन कामगार, टेन, वजा एक... सगळी शिफ्टच बिनकामाची! दयारामभाऊंनी हळूहळू मान वळवली. समृद्धी अचानक ताटाळ्यातले चमचे फार मन लावून पुसायला लागली होती.

“तुला ठाऊक होतं?”

“हो बाबा.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

समृद्धीनं चमचा खाली ठेवला. “बोलले असते तर शिकवणी त्याच दिवशी संपली असती ना?”

दयारामभाऊंना खूप काही बोलायचं होतं. पण तेवढ्यात शेजारून मनिषा, डोळे बारीक करून, दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली,

“म्हणजे ‘गप बस, मोठं काम चाललंय’ असं सांगून तुमी मना रोजच्या रोज टीव्ही मुका करून मालिका बघायला लावलात, ते काम नव्हतंच? तुमी दोघं नुसत्या गप्पा मारत होतात? अहो, त्या मालिकेत कोण कोणाची सवत हाय ते मना अजून कळलं नाय!”

दयारामभाऊंनी लॅपटॉप मिटला, सोफ्यावरचा रिमोट शोधला, बायकोच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी मालिका बघायला बसले.